बाडकाव कुणाची?

‘बेळगावात मित्र एकमेकांना बाडकाव म्हणतात. ही कानडी शिवी मराठीत कधी शिरली?’

शिरली नाही. घरचीच आहे, बाहेर फिरून आली. बेळगाव-खानापूर भागात कानाला खटकलेला प्रत्येक शब्द कानडीच्या माथी मारायची खोड आहे, त्यातलाच हा प्रकार.

मूळ शब्द भाडखाऊ. कानडी बोलण्यात भ आणि ख यांतला ह गळतो. खिडकीची तिकडे किटकी झाली, तसा भाडखाऊचा बाडकाव. शिवी कानडीत घडली असती तर खाण्यासाठी ‘तिन्नु’ आला असता, ‘खाऊ’ कशाला येईल?

पण खरी मजा भाडमध्ये आहे. संस्कृतात भाटि म्हणजे वेश्येची कमाई, भाटक म्हणजे भाडे. भाटिची भाड झाली, भाटकाचे भाडे, आणि कानडीत त्याच भाटकाचे बाडिगे. बेळगावात दारावर ‘भाड्याने देणे आहे’ आणि त्याखाली कानडीत ‘बाडिगेगे इदे’ अशी पाटी दिसली की समजा, घरमालकाने नकळत या शिवीचे दोन चुलतभाऊ शेजारी टांगले आहेत. (‘भाड में जा’मधली भाड मात्र वेगळी. ती भडभुंज्याची भट्टी, संस्कृत भ्राष्ट्र. दोन्हींची सरमिसळ करणारे विद्वान रोज भेटतात.)

भाडखाऊला ‘एक ग्राम्य शिवी’ एवढे म्हणून मोकळे व्हायचे, हे मला मुळीच पटत नाही. शेजारच्या शिव्या बघा: मराठीत रांडेच्या, कानडीत मुंडेमगने, बोळीमगने (मगने म्हणजे ‘मुला’). रांड म्हणजे मुळात विधवा. मुंडे आणि बोळी म्हणजे डोके भादरलेली, तीही विधवाच. भाषा दोन, नेम एक. ऐकणारा मुलगा, घाव आईवर, आणि तिचा गुन्हा काय, तर नवरा मेला. भाडखाऊ मात्र भाड कमावणाऱ्या बाईला सोडते आणि तिच्या कमाईवर जगणाऱ्या बाप्याला धरते. माझ्या मते आपल्याकडची ही सर्वांत न्यायी शिवी आहे.

मग मित्रांत ती चालते कशी? ‘काव’ झाल्यावर त्यातले खाणे ऐकूच येत नाही म्हणून. ‘मेल्या’ म्हणताना मरण कुणाला आठवते? ‘काय करूलास बाडकाव’ याला समोरचा हसून उत्तर देतो. तेच ‘भाडखाऊ’, ख वर जोर देऊन, म्हणून बघा. किंवा नकोच.