नाशिकजवळ संरक्षित डोंगरात निसर्ग, ट्रेक आणि वारसा तिन्ही कुठे मिळेल? दोन दिवस आहेत, हरिहर करावा का?

हरिहर करा हो, नको कोण म्हणतंय! पण शनिवार-रविवारी त्या कोरीव पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकाच खोबणीत हात घालून अडकलेले असतात. निसर्ग म्हणजे पुढच्याची टाच. तिन्ही हवं असेल तर अंजनेरी. त्र्यंबक रस्त्यानं वीसेक किलोमीटर, 2017 पासून संवर्धन राखीव क्षेत्र.

आमच्या दाजींना हे पटत नाही. "अंजनेरी काय ट्रेक आहे? मारुतीला जाऊन यायचं." दाजी पुण्याचे, घड्याळ लावून डोंगर चढणारे. पाऊस ओसरत आला तेव्हा त्यांना मुद्दाम घेऊन गेले. पायथ्याला यादवकाळातली पडकी देवळं आहेत, हिंदू आणि जैन दोन्ही. एका जैन देवळात शके 1063 चा शिलालेख आहे, सेउणदेव यादवाच्या एका वाणी मंत्र्यानं दुकानांचं उत्पन्न देवळाला लावून दिल्याचा. म्हणजे आज शेरडं चरतात तिथे तेव्हा बाजारपेठ होती! मी चौकटीवरचं कोरीवकाम बघतेय आणि दाजी गाडीपाशी बुटाच्या नाड्या आवळतायत. "दगड येताना बघू." येताना कोणी बघतं का?

पठारावर पोचल्या पोचल्या ते तळ्याकडे सुटले. गावातला एक पोरगा बरोबर होता, त्यानं मला गवतात बसायला लावलं आणि दोन बोटांनी पाती बाजूला करून कंदीलपुष्प दाखवलं. शोधायला गेलं तर सापडायचं नाही असं रोप, वर इवलासा कंदील. आतल्या नळीत खाली वळलेले केस असतात. चिलटं शिरतात ती अडकतात, केस सुकले की पराग घेऊन सुटतात. सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात तर याच डोंगराच्या नावाची. दाजी परत आले, त्यांचा बूट रोपापासून वीतभरावर. "एवढंसंच?"

हो, एवढंसंच. म्हणूनच पायवाट सोडून सेल्फी काढणाऱ्यांचा मला राग येतो, आणि स्पीकर वाजवत येणाऱ्यांना तर खालूनच परत पाठवावं. कड्यावर पांढरे ओघळ दिसले तर थांबा, ती गिधाडांच्या बसण्याची खूण. दुर्बीण आणाच.

मध्यंतरी वर गाडीरस्ता करायचा घाट घातला होता. दाजींच्या मते व्हायला हवा होता, "वयस्करांची सोय". आमच्या सासूबाई अंजनीमातेला पायी जातात, गुडघे धरत, पण जातात. त्यांनी कधी रस्ता मागितला नाही. मागतात ते पस्तिशीतले.

बाकी, मुसळधार पावसात पायऱ्या निसरड्या होतात आणि वन विभाग कधीकधी बंदीही घालतो, आधी चौकशी करा. खाऊची पिशवी हातात धरू नका, माकडं हिसकावतात. फुलं हवी असतील तर उन्हाळ्यात येऊन मला शिव्या देऊ नका.

दुसऱ्या दिवशी साल्हेर. बागलाणात आहे, लांब पडतं, त्यामुळे आदल्या रात्रीच तिकडे मुक्कामाला जा. मराठे-मोगलांची 1672 ची लढाई तिथली, आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत नाशिक जिल्ह्यातला तेवढाच. उंची 1567 मीटर, राज्यातला सर्वात उंच किल्ला. दाजींना आवडेल.