सिलिकॉन मारलं तरी बोटीचं डेक गळतंच, आता काय?

प्रश्न: आम्ही तिघांनी मिळून मुंबईत एक जुनी शिडाची बोट घेतलीय, फायबरग्लासची, 26 फुटी. डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या फरशीवर पाणी पडलं की खाली केबिनमधे बंकवर (झोपायच्या बाकावर) ठिबकतं. स्टँचन (कठड्याचे खांब), क्लीट (दोर बांधायच्या खुंट्या), सगळ्याच्या कडेनी सिलिकॉन मारून झालं, फरक शून्य. सगळं काढून परत बसवा असं एक जण म्हणतो. एवढं करायलाच लागतं का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: लागतं हो. आणि आता अजून सिलिकॉन नको प्लीज, त्याचा तेलकट थर राहतो आणि मग त्यावर दुसरं काहीच धड चिकटत नाही, त्यामुळे आधी ते खरवडण्यातच तुमचा अर्धा दिवस जाणारे. गळतीचं आपल्या सोसायटीच्या टेरेससारखंच असतं, शिरतं एकीकडे आणि ठिबकतं तिसरीकडे, म्हणून बंकच्या बरोब्बर वरच्याच क्लीटवर आळ घेऊ नका.

खरी भानगड बंक भिजण्याची नाहीचे. जुन्या बोटींच्या डेकमधे बऱ्याचदा फायबरग्लासच्या दोन थरांमधे बाल्सा लाकूड असतं, बोल्टच्या भोकातून पाणी गेलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरून काही दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनी डेक ठोकत जा, टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला की समजा काम वाढलं. बोल्ट काढल्यावर भोकातून काळपट ओला भुगा आला तर तो भाग आधी उघडून पूर्ण वाळवायचा, ओल्यावर इपॉक्सी (दोन भाग कालवले की कडक होणारं रेझिन) ओतलं तर ओल आतच कोंडते.

लाकूड कोरडं असेल तर सोपंय. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून भोकाभोवतीचा बाल्सा सेंटिमीटरभर आत कोरायचा, खालून टेप लावायची, आधी पातळ इपॉक्सी पाजायचं, मग सिलिका पावडर कालवून घट्ट केलेलं भरायचं आणि कडक झालं की त्याच्या मधोमध नवीन भोक पाडायचं. आता सील गेलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. मे महिन्यात करणार असाल तर सकाळीच उरका आणि थोडं थोडंच कालवा, त्या उन्हात कपातच तापून दगड होतं.

बसवताना मी ब्यूटाइल टेपच (मऊ, चिकट रबरी पट्टी) वापरीन. भोकाचं तोंड काउंटरसिंकनी (भोकाचं तोंड रुंद करणारं ड्रिलचं पातं) जरा उतरतं करा, बोल्टच्या मानेला टेपचा वेढा द्या, आणि आवळताना वर एकानी बोल्ट धरून ठेवायचा, खालच्यानी फक्त नट फिरवायचा, बोल्ट फिरला की सील गेलं. एकदम आवळू नका, चार-पाच दिवस थोडं थोडं, टेप कडेनी बाहेर येत राहील ती कापून टाका. खाली नुसता वॉशर नको, स्टँचनला जोर बसतो, मोठी बॅकिंग प्लेट घाला. जुने स्टेनलेसचे बोल्ट डेकच्या आत अडकलेल्या भागात हवा न मिळाल्यानी गंज खातात, मानेशी खड्डे दिसले तर सरळ 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे नवीन आणा.

3M 5200 सारखं कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन सीलंट कुणी सुचवलं तर नको म्हणा, पुढच्या वेळी काढताना गेलकोटच (फायबरग्लासवरचा चकचकीत थर) उचकटून येईल. पॉलिसल्फाइड सीलंट चालतं, फक्त ॲक्रिलिकच्या खिडक्यांना लावू नका, तडे जातात.