पिझ्झ्यातला 'झ' आला कुठून?

एका वाचकाचा प्रश्न आहे. मुलगा सहा महिने इटलीत शिकून आला आणि आता घरात कुणी 'पिझ्झा' म्हटलं की नाक मुरडतो, 'पित्सा' म्हणा म्हणतो. पाट्यांवर तर पिझ्झा, पिझा, पिज्जा असे तीन अवतार दिसतात. मग बरोबर कोणता? आणि मुलगा म्हणतो तसा हा शब्द खरंच स्त्रीलिंगी आहे का?

इटालियनपुरतं मुलाचं बरोबर आहे. गंमत अशी, की त्या उच्चारासाठी मराठी जिभेला काहीच नवीन शिकायला नको. 'चमचा', 'चूल' यांतला दंत्य च म्हणजे तोच 'त्स'. 'लुच्चा' मोठ्याने म्हणून पाहा. त्यातला 'च्चा' तसाच उचला, आधी 'पी' लावा, की नेपल्सच्या जवळपास पोचलात! एवढं घरचं असताना आपण झ कुठून आणला?

डोळ्यांनी. हा शब्द आपण ऐकून नाही, वाचून घेतला. आपल्याकडे तो खऱ्या अर्थाने रुळला १९९६ नंतर, अमेरिकी साखळ्यांनी भारतात दुकानं उघडल्यावर. आणि खोक्यावर रोमन लिपीत दोन झेड शेजारी शेजारी बसलेले. झेड दिसला की आपण झ लिहितो: झेब्रा, झिंक, झिप. दोन झेड, म्हणून झ्झ. इंग्रजीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण इंग्रजही बोलताना 'पीत्सा'च म्हणतात. हिंदीने ज खाली नुक्ता दिला. तो गळाला की 'पिज्जा' उरतो, आणि तोच आपल्या पाट्यांवर येतो. समजा कुणी 'पिच्चा' लिहिलं असतं, तर? आपली लिपी दंत्य आणि तालव्य च वेगळे दाखवत नाही. लोकांनी तो 'बच्चा'सारखा वाचला असता, आणि 'पिच्छा पुरवणे' कायमचं मागे लागलं असतं.

जपानीत मात्र दोन्ही रूपं नांदतात: 'पिझा' हा रोजचा, आणि इटालियन धाटणीचा असेल तर 'पित्सा'. रशियन 'पित्सा'च म्हणतात. चिनीत तो ज्या अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांनी कलत्या मनोऱ्याचं पिसा शहरही लिहितात.

आता लिंग. इटालियनमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी, कारण तिथे शेवटचा आ बहुधा स्त्रीलिंगाची खूण असतो. मराठीत आला आणि वडा, पराठा, सांजा यांच्या पंगतीत बसला, म्हणून तो पिझ्झा. सामान्यरूपही निमूट होतं: पिझ्झ्याचा, पिझ्झ्यावर. अनेकवचन 'पिझ्झे' काहींना विनोदी वाटतं, ते 'दोन पिझ्झा' म्हणतात. मला 'पिझ्झे' आवडतं. इटालियन अनेकवचन 'पीत्से' आहे. नियम निराळे, पण दोन्ही भाषा ए-वर येऊन थांबल्या.

हे अनेकवचन जुनंही आहे. हा शब्द लिखित सापडतो तो इटलीतल्या गाएता गावच्या इ.स. ९९७ च्या एका लॅटिन करारात. गिरणी भाड्याने घेणाऱ्याने बिशपला नाताळात बारा आणि ईस्टरला आणखी बारा पिझ्झे द्यायचे, असं त्यात लिहिलं आहे. नाताळच्या बाराबरोबर डुकराच्या खांद्याचं मांस, ईस्टरच्या बाराबरोबर कोंबड्या! टोमॅटोचं नाव नाही, कारण टोमॅटो अमेरिका खंडातून युरोपात पोचायला अजून पाचशे वर्षं होती. म्हणजे शब्द आधी आला, आज आपण ज्याला पिझ्झा म्हणतो तो पदार्थ फार नंतर नेपल्सच्या गरीब वस्त्यांत घडला. १८८९ मध्ये नेपल्समध्ये इटलीच्या राणी मार्गेरीताचं नाव एका पिझ्झ्याला दिलं, ही गोष्ट सर्रास सांगितली जाते, इतिहासकारांना ती तितकी पटत नाही. नेपल्सचे लोक पोटापाण्यासाठी अमेरिकेला गेले, १९०५ मध्ये न्यूयॉर्कला लोंबार्डीचं दुकान निघालं, आणि पुढे जगभर गेला तो मुख्यतः तिथून.

व्युत्पत्तीबद्दल दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ग्रीक 'पिता', म्हणजे चपटी रोटी, हिच्याशी नातं. दुसरा उत्तरेकडून इटलीत आलेल्या लोंबार्ड टोळ्यांच्या जर्मानिक भाषेतला 'घास, तुकडा' या अर्थाचा शब्द पुढे करतो. जर्मन 'बिसेन' आणि इंग्रजी 'बाइट' त्याच कुळातले. एकमत नाही. माझा कल दुसऱ्याकडे, कारण त्यात 'त्स' सरळ जुळतो.

तेव्हा मराठीत लिहिताना 'पिझ्झा' लिहा. तो रुळलाय, मराठी विभक्ती चालवतो, त्याला शुद्ध करायला जाऊ नका. चिरंजीवांनी घरी पित्सा म्हणावं, हरकत नाही. फक्त त्यांना विचारा, तिथे 'पेपेरोनी' मागितल्यावर पुढ्यात काय आलं होतं. अमेरिकेत आणि आपल्याकडे ते मसालेदार सॉसेज. इटालियनमध्ये त्या शब्दाचा अर्थ ढोबळी मिरची.