शिबिराच्या पोशाख-नियमांविषयी

प्रभूमध्ये प्रिय मुली,
सप्रेम सलाम.

तरुण संघाच्या उन्हाळी शिबिराच्या नियमांचा मसुदा वाचला. त्यात ओढणी, बाह्या, जीन्स, मोकळे केस असे मुलींसाठी दीड पान भरले आहे आणि मुलांसाठी ‘नीटनेटके कपडे’ एवढी एकच ओळ आहे. हे तू मनाने लिहिलेले नाहीस, आपल्याकडे तसेच चालत आले आहे. पण या वेळी लेखणी तुझ्या हाती आहे.

बायबलमधील १ तीमथ्य २:९ चा तू आधार घेतला आहेस, ते वचन पुन्हा सावकाश वाच. मर्यादेच्या वेषाविषयी सांगताना प्रेषित पौल नावे घेतो ती गुंफलेल्या केसांची, सोन्यामोत्यांची आणि मोलवान वस्त्रांची. म्हणजे मंडळीत श्रीमंतीचे प्रदर्शन होऊ नये, ही त्याची तळमळ आहे, आणि बाहीच्या लांबीविषयी तेथे अवाक्षरही नाही. त्याच्या आधीच्याच वचनात पुरुषांनी राग व विवाद सोडून प्रार्थना करावी असे सांगितले आहे, ते मात्र कोणत्याही शिबिराच्या नियमांत उतरत नाही, याचे मला फार वाईट वाटते. आपल्याकडे जरीचा शालू नेसून, गळाभर दागिने घालून उपासनेला आलेल्या बाईला कोणी टोकत नाही, आणि ओढणी न घेतलेल्या मुलीला मात्र गायनवृंदातून बाजूला केले जाते.

मसुद्यातले ‘भावांना अडखळण होऊ नये’, म्हणजे मुलींमुळे मुलांनी पापात पडू नये, हे वाक्य काढूनच टाक. मत्तय ५:२८-२९ मध्ये प्रभू येशू स्त्रीकडे वाईट नजरेने पाहणाऱ्याशी बोलतो आणि त्यालाच स्वतःचा डोळा उपटून टाकायला सांगतो. आपले शरीर दुसऱ्याच्या पापाचे कारण आहे असे तेरा वर्षांच्या मुलीच्या मनावर बिंबवले, तर उद्या कोणी तिच्याशी वाईट वागले तरी ती आधी स्वतःचे कपडे आठवते आणि घरी तोंड उघडत नाही.

मर्यादा नकोच, असे मी म्हणत नाही. त्रावणकोर संस्थानातील (आजच्या दक्षिण केरळाच्या भागातील) नाडार या खालच्या मानलेल्या जातीतल्या ख्रिस्ती स्त्रियांनी अंग झाकण्याच्या हक्कासाठी मार सोसला. १८५९ च्या जाहीरनाम्याने तो हक्क मिळाला, तोही उच्च जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र घ्यायचे नाही या अटीवर. त्यांची मर्यादा त्यांनी स्वतः मागून घेतलेला मान होता.

मुलामुलींसाठी नियम एकच ठेव: खेळायला आणि जमिनीवर बसायला सोयीचे कपडे असावेत, दागिने व महागड्या वस्तू आणू नयेत. कोणत्या मुलीला काही सांगायचेच झाले, तर ते बाईनेच आणि एकांतात सांगावे. मुलांच्या गटाला मत्तय ५ वर धडा देण्याविषयी पाळकसाहेबांशी मी बोलते; तू सुधारलेला मसुदा रविवारच्या उपासनेआधी पाठव.

तुझी,
मावशी