गाण्याचा सातबारा

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

परवा तू करारपत्राची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवलीस आणि विचारलेस, "एवढा मोठा गळा माझे गाणे गाणार आहे, मग एका सहीसाठी मी अडून बसू का?" मी चिडून काहीतरी बोललो आणि तू अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेलीस. तू चांगली लिहितेस हे आपल्या दोघांनाही माहीत आहे, त्यामुळे त्यावर शाई खर्च करत नाही. मला बोलायचे आहे ते त्या सहीबद्दल.

तू जिची गाणी गिटारवर बसवत असतेस, त्या अमेरिकन गायिका-गीतकार डॉली पार्टनचीच गोष्ट घे. अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात १९४६ साली, बारा भावंडांतली चौथी म्हणून ती जन्मली. तिचे वडील आधी दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत आणि पुढे स्वतःच्या लहानशा तुकड्यावर तंबाखू पिकवू लागले. तिच्या जन्माच्या वेळी आलेल्या डॉक्टरला फी म्हणून मक्याच्या पिठाचे पोते दिले होते, असे ती स्वतः सांगते. तेराव्या वर्षी ती ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण ढंगाच्या संगीताच्या, नामांकित रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर गायली आणि १९६४ साली शाळा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलला निघून गेली, हे सारे तुला पाठ असेल. तुझ्या पिढीला तिचे केस, नखे आणि चमचमते कपडे दिसतात. मला दिसते ती विशीतली, अजून नाव न झालेली मुलगी, जिने १९६६ साली बिल ओवेन्स या आपल्या मामाबरोबर स्वतःच्या गाण्यांचे हक्क सांभाळण्यासाठी प्रकाशन कंपनी काढली. पीक येण्याआधीच तिने सातबारा तपासून घेतला होता.

पुढच्याच वर्षी पोर्टर वॅगनर या बड्या गायकाने तिला आपल्या टीव्ही कार्यक्रमात घेतले. सात वर्षे ती त्याच्या सावलीत गायली आणि निघायची वेळ आली तेव्हा भांडण करण्याऐवजी तिने निरोपाचे गाणे लिहिले, 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. (त्याने १९७९ साली तिच्यावर दावा लावलाच, आणि तो न्यायालयाबाहेर मिटवावा लागला. गोड निरोप घेतला म्हणजे हिशेब मिटतात, असे नसते.) ते गाणे १९७४ साली कंट्री संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि मग रॉक संगीताचा बादशहा एल्विस प्रेस्ली याला ते गायची इच्छा झाली. तिचा आनंद गगनात मावेना. परंतु ध्वनिमुद्रण तोंडावर आले असताना एल्विसचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी कळवले की गाण्याच्या प्रकाशनहक्काचा अर्धा वाटा आमच्या नावावर केलात तरच एल्विस ते गाईल. वाट्याने जमीन कसणाऱ्याच्या मुलीला अर्ध्या वाट्याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको होता. ती रात्रभर रडली आणि तिने नकार दिला.

तू मात्र एम.ए. झालेली आहेस. तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्यासाठीच तिने १९९५ साली मुलांना घरपोच मोफत पुस्तके पाठवणारी संस्था सुरू केली आणि आजवर तिने वीस कोटींहून अधिक पुस्तके वाटली आहेत. अशा निरक्षर माणसाची मुलगी कागदावरच्या एका ओळीसाठी एल्विसला नाही म्हणते, आणि तू करारातल्या सातव्या कलमातले 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी' हे शब्द वाचूनही मला विचारतेस की अडून बसू का? जमीन कसायला द्यावी, सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढू देऊ नये. तेच गाण्याचे.

मी कसा फसलो हे तुला कधी सांगितलेले नाही. कॅसेटच्या दिवसांत, १९८७ साली, मी आठ गाणी लिहून, चाली लावून एका कंपनीला ठोक रकमेत देऊन टाकली. त्यांतले एक आजही गणपतीत मांडवांतून वाजते आणि वेष्टनावर कवी-संगीतकार म्हणून छापलेले असते, 'पारंपरिक'. जिवंतपणी परंपरा होण्याचा मान फार थोड्यांना मिळतो. मात्र तेव्हा मला खोलीच्या पागडीसाठी पैसे हवे होते, त्याच खोलीत माझी दोन मुले वाढली आणि शिकली, त्यामुळे ती सही म्हणजे निव्वळ मूर्खपणा होता असे म्हणायला मी आजही तयार नाही. चूक झाली ती एवढीच की कागद न वाचता, लाजेखातर काही न विचारता मी सही केली. त्यानंतर मी एकही गाणे हक्कासकट दिले नाही. कामे गेली, लोक हेकट म्हणू लागले. तुझ्या काकू अजूनही म्हणतात की ही तत्त्वनिष्ठा नसून अढी आहे. असेलही. पण नंतरची सगळी गाणी माझ्या नावावर आहेत.

तू म्हणशील की आता कायदा आहे. आहे खरा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कोणाला लिहून देता येत नाही, आणि त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत तळमळीने बोलले होते. तथापि मालकी आजही सहीने जाते, आणि ती गेली की तुझ्या आजीच्या ओव्यांवर बेतलेले ते गाणे उद्या कोणत्या जाहिरातीत वाजवायचे हे ठरवताना तुला कोणी विचारणार नाही.

एल्विसच्या आवाजात ते गाणे कधीच निघाले नाही, ही हळहळ डॉलीला राहिली. पण १९८२ साली तिच्याच आवाजात ते पुन्हा कंट्रीच्या यादीत अव्वल ठरले, आणि १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टन या गायिकेने ते गायले तेव्हा अमेरिकेच्या मुख्य यादीत सलग १४ आठवडे पहिले राहिले. तेव्हाही गाणे डॉलीच्याच नावावर होते. तुझ्या बाबतीत असे होईलच असे मी म्हणत नाही. कदाचित तुझे गाणे दोनशे लोक ऐकतील, तरीही ते तुझ्याच नावावर असले पाहिजे.

बुधवारी संध्याकाळी मी घरी आहे. करारपत्राची मूळ प्रत आण आणि सातवे कलम लाल शाईने खोडून आण. त्याजागी काय लिहायचे ते मी टाचण करून ठेवले आहे. काकू थालीपीठ करणार आहेत, तेव्हा या वेळी चहा पुरता पिऊन जा.

तुझा,
काका