विचारा निःसंकोच : बाळाचा मेंदू आणि पहिली वर्षं

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याच्या जन्मानंतर वर्षभर मी नैराश्यात होते. दूध, अंघोळ, झोप सगळं वेळेवर झालं, पण त्याच्याशी बोलणं-खेळणं जमलंच नाही. ‘मेंदू तीन वर्षांतच घडतो’ असं वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. हे नुकसान कायमचं आहे का?

उत्तर : नाही. तुम्ही वाचलेलं विधान अर्धवट आहे आणि त्याने अनेक आयांना विनाकारण धास्तावून सोडलं आहे. पहिल्या वर्षांत चेतापेशींच्या जोडण्या गरजेपेक्षा खूप जास्त तयार होतात. वापरात असलेल्या टिकतात, उरलेल्या छाटल्या जातात. पण या छाटणीचं वेळापत्रक प्रत्येक भागाचं निराळं असतं. दृष्टीच्या भागात ती लवकर होते, तर मनावर ताबा आणि नियोजन सांभाळणाऱ्या कपाळामागच्या भागात विशीपर्यंत चालते.

रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली अनाथालयातल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवलं. त्यांचा बुद्ध्यांक आणि माणसांशी जुळणारं नातं सुधारलं, दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं अधिक. लक्ष न लागण्याच्या तक्रारी मात्र फारशा हटल्या नाहीत. आणि त्या मुलांच्या वाट्याला आलेली उपेक्षा तुमच्या मुलापेक्षा कितीतरी तीव्र होती.

आता करायचं ते असं. रोज १५-२० मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून त्याच्याजवळ जमिनीवर बसा. खेळ त्याने निवडायचा. तो करतोय ते तुम्ही शब्दांत सांगायचं : ‘तू लाल ठोकळा वर ठेवलास.’ त्याने काही म्हटलं की त्याच धाग्यावर एक वाक्य जोडा आणि पाच-सात सेकंद थांबा. इथेच बहुतेकांचं बिनसतं. थांबणं जमत नाही, मग ‘हा रंग कोणता? किती झाले?’ अशी परीक्षा सुरू होते आणि मूल गप्प होतं. चार वर्षांचं मूल साधारण चार शब्दांची वाक्यं बोलतं. तसं होत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आधी श्रवणचाचणी करून घ्या. तुमचं नैराश्य अजून रेंगाळत असेल, तर त्यावर उपचार घ्या. तो मुलासाठीही उपचारच आहे.

प्रश्न : तीन महिन्यांचं बाळ रडलं की लगेच उचललं तर लाडावतं का?

उत्तर : लाडावत नाही. या वयात बाळाला स्वतःला शांत करता येत नाही, ते काम मोठ्यांच्या स्पर्शाने आणि आवाजाने होतं. तुमचाच संयम सुटत असेल, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच मिनिटं बाजूला व्हा. रागाच्या भरात बाळाला कधीही गदागदा हलवू नका, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

प्रश्न : नऊ महिन्यांच्या मुलीला परभाषेचे व्हिडिओ दाखवावेत का? उशीर झाला तर ती भाषा येणार नाही म्हणतात.

उत्तर : दाखवू नका. बाळं भाषा कशी शिकतात याच्या संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली याच वयाच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ही चिनी भाषा ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून बाळं तिचे ध्वनी ओळखायला शिकली, तेच पडद्यावरून ऐकलेली शिकली नाहीत. पडदा बाळाच्या नजरेला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही एक वर्षाखालच्या मुलांना पडदा नकोच म्हणते. घरात कोणाला ती भाषा येत असेल, तर त्यांनी मुलीशी तीच बोलावी. नंतर सुरुवात झाली तरी भाषा येते, उच्चारांची लकब तेवढी राहू शकते.

खरी घाई कान आणि डोळ्यांची आहे. श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, दोष असेल तर त्याचं निदान तिसऱ्यापर्यंत, उपचार सहाव्यापर्यंत, असा क्रम आहे. तुमच्या मुलीची चाचणी झाली नसेल, तर याच आठवड्यात करा. डोळ्याच्या बाहुलीत पांढरट झाक दिसली किंवा चौथ्या महिन्यानंतरही डोळा तिरळा राहिला, तर ‘मोठी झाली की सुधारेल’ म्हणून थांबू नका. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत व्हावी लागते. ती लांबली तर पुढे मोतीबिंदू काढूनही मेंदू त्या डोळ्याने नीट पाहायला शिकत नाही.