ऊबदार आवाजाचा हेडफोन ॲम्प : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

‘पाच-सात हजारांत वॉर्म आवाजाचा हेडफोन ॲम्प सुचवा,’ अशी पत्रे (ॲम्प म्हणजे हेडफोनला जाणारा विद्युतसंदेश वाढवणारे यंत्र) इतक्या संख्येने येऊ लागली आहेत की, प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिणे अशक्य झाले आहे. त्यांतल्या बहुतेकांनी आपला हेडफोन कोणता आहे, तो किती ओहमचा (म्हणजे विजेला किती अडथळा करणारा) आहे आणि गाणी कशावरून वाजतात, यांपैकी काहीही कळवलेले नाही. डोळे न तपासता चष्म्याची फ्रेम निवडून मागावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून निवडक प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. ज्यांचे नेमके उत्तर प्रत्यक्ष तपासणीशिवाय देता येत नाही, तेथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

प्रश्न : माझा हेडफोन ३२ ओहमचा आहे आणि मोबाइलवर निम्म्या आवाजातच पुरेसा मोठा वाजतो. ॲम्प जोडल्यास आवाज ऊबदार होईल का? (विद्यार्थी, विजापूर रोड)

नाही. मोबाइलला हेडफोनची पिन बसत नसेल, तर हजार-दोन हजारांचा चांगला डोंगल (चार्जिंगच्या तोंडाला हेडफोनची पिन जोडून देणारा छोटा जोड) घ्यावा आणि उरलेले पैसे पुढच्या हेडफोनसाठी राखून ठेवावेत.

प्रश्न : ऑनलाइन साडेचार हजारांत व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) ॲम्प मिळतो आहे. चित्रात व्हॉल्व्हमधून सुंदर नारिंगी उजेड दिसतो. व्हॉल्व्हशिवाय खरी ऊब येतच नाही, असे विक्रेता सांगतो. घ्यावा का? (बँक कर्मचारी, जुळे सोलापूर)

आधी ‘ऊब’ म्हणजे काय ते पाहू, कारण हा शब्द सगळेच वापरतात आणि प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ वेगळा असतो. साधारणपणे १०० ते ३०० हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या कंपनांचा, म्हणजे खालच्या स्वरांचा) पट्टा किंचित भरीव असेल आणि २ ते ८ हजार हर्ट्झचा पट्टा थोडा दबलेला असेल, तर आवाज कानाला मऊ लागतो. हा गुण मुख्यतः हेडफोनमध्ये असतो. चांगला ॲम्प त्यात स्वतःची भर घालत नाही.

व्हॉल्व्ह भर घालतो, हे खरे आहे. गवयाचा षड्ज २४० हर्ट्झचा धरला, तर व्हॉल्व्ह त्यासोबत ४८० हर्ट्झचा, म्हणजे तार सप्तकातल्या षड्जाचा, अगदी बारीक अंश मिसळतो. तो मूळ स्वराशी मिळून जातो, म्हणून खटकत नाही आणि आवाज भरल्यासारखा वाटतो. त्यापुढचा ७२० हर्ट्झचा अंश तार पंचमाचा असतो, तोही सुसंवादीच. मात्र हे अंश किती मिसळावेत हे विद्युत मंडलाच्या रचनेवर ठरते. काचेची नळी बसवली की गोडवा आपोआप येतो, असे नाही.

आता साडेचार हजारांच्या वस्तूकडे वळू. असाच एक ॲम्प मध्यंतरी माझ्या टेबलावर उघडला. आत १२एयू७ जातीचा व्हॉल्व्ह होता, ज्याच्या माहितीपत्रकात प्लेटला (व्हॉल्व्हच्या मुख्य विद्युत टोकाला) १०० आणि २५० व्होल्ट देऊन मिळणारी आकडेवारी छापलेली असते. येथे मीटर लावल्यावर प्लेटवर २४ व्होल्ट मिळाले. हेडफोन चालवण्याचे काम शेजारची आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) करत होती. नारिंगी उजेडाचा उगम पाहण्यासाठी व्हॉल्व्ह सॉकेटमधून उपसला, तर सॉकेटच्या मधल्या भोकात एक छोटा एलईडी तसाच उजळत होता! व्हॉल्व्हचा फिलामेंट तापल्यावर मंद तांबूस दिसतो, दिवाळीच्या माळेसारखा झगमगत नाही.

व्हॉल्व्हला ट्रान्झिस्टर किंवा आयसीची जोड दिलेले सगळे मिश्र ॲम्प फसवे असतात, असे मी म्हणत नाही. शिट कंपनीचा ‘वाली’ हा त्या जातीतला नीट रचलेला ॲम्प आहे. पण केवळ मऊपणा हवा असेल, तर पैसे खर्च करण्यापूर्वी इक्वलायझर (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारे ॲप) वापरून पाहावा. अँड्रॉइड मोबाइलवर ‘वेव्हलेट’ आणि विंडोज संगणकावर ‘इक्वलायझर एपीओ’ उपलब्ध आहेत. १५० हर्ट्झच्या आसपास २ डेसिबल चढवा, ३ हजार हर्ट्झच्या आसपास २ डेसिबल उतरवा आणि आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी ३ डेसिबलने खाली घ्या. आठवडाभर ऐका. इतके करूनही समाधान झाले नाही, तर स्वतःचा हेडफोन सोबत नेऊन दुकानात प्रत्यक्ष ऐका आणि जाणकाराला ॲम्प दाखवून मगच निर्णय घ्या.

प्रश्न : सेनहायझरचा एचडी ६५० घेतला आहे. तो ३०० ओहमचा असल्याने त्याला किमान २००० मिलिवॉटचा ॲम्प लागतो, असे मित्र सांगतात. खरे आहे का? (होटगी रोड)

बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. या हेडफोनला १ व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल आवाज देतो, असे निर्मात्यानेच प्रसिद्ध केले आहे. संगीतातला क्षणिक चढ ११० डेसिबलपर्यंत जाईल असे धरले, तरी सव्वादोन व्होल्ट पुरतात. त्याची शक्ती काढली तर ती सतरा मिलिवॉट भरते.

जाहिरातीतले २००० मिलिवॉट बहुधा १६ ओहमवर मोजलेले असतात आणि ओहमचा आकडा बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. तोच ॲम्प तितक्याच व्होल्टवर ३०० ओहमला फार तर १०७ मिलिवॉट देईल. आपल्याला तेही पुष्कळ आहेत. तेव्हा ‘मिलिवॉट किती’ असे विचारण्याऐवजी ‘३०० ओहमवर किती व्होल्ट’ असे विचारा. विक्रेत्याला उत्तर देता आले नाही, तर दुकान बदला. जेडीएस लॅब्जचा ‘ॲटम’ किंवा शिटचा ‘मॅग्नी’ यांसारखे साधे, स्वच्छ ॲम्प या कामाला पुरून उरतात. एचडी ६५० स्वतःच मऊ स्वभावाचा आहे. त्याला आणखी ऊब देण्याच्या खटपटीत आवाज गढूळ होतो.

प्रश्न : नवा ॲम्प २०० तास वाजवून ठेवला की आवाज खुलतो का? (बार्शी)

ॲम्प खुलत नाही. दरम्यान वस्तू परत करण्याची मुदत मात्र संपते.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या स्टिरिओ रिसीव्हरला माझा ३२ ओहमचा हेडफोन लावला की आवाज भरीव आणि ऊबदार येतो. मोबाइलवर तोच हेडफोन कोरडा वाटतो. हा भास आहे का? (पंढरपूर)

भास नाही, आणि या वेळच्या पत्रांतला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. जुन्या रिसीव्हरमध्ये हेडफोनसाठी वेगळा ॲम्प नसे. स्पीकरकडे जाणारा आवाजच एका मोठ्या रेझिस्टरमधून हेडफोनच्या जॅकला दिलेला असे. हा रेझिस्टर शे-दीडशेपासून चारशे-पाचशे ओहमपर्यंत कितीही असू शकतो. हेडफोनवर ३२ ओहम छापलेले असले, तरी खर्जात अनेक हेडफोनचा अडथळा वाढतो. तो तेथे ६० ओहम होतो आणि रेझिस्टर ३३० ओहमचा आहे असे धरून हिशेब केला, तर खर्जाचा तो पट्टा बाकी आवाजापेक्षा जवळजवळ ५ डेसिबलने उचलला जातो. मोबाइलच्या किंवा डोंगलच्या जॅकचा अडथळा एक-दोन ओहमच असल्याने तेथे हा फरक नगण्य राहतो. आपल्याला आवडलेली ऊब ती हीच.

शुद्धतेच्या दृष्टीने ॲम्पचा अडथळा हेडफोनच्या अडथळ्याच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा संकेत आहे आणि नवी खरेदी करताना मी तो पाळायला सांगतो. पण घरात असलेल्या वस्तूने आनंद मिळत असेल, तर तो संकेत मोडल्याने काही बिघडत नाही. फक्त इतक्या जुन्या यंत्रातले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) थकलेले असतात आणि जॅकवर एकदिश (डीसी) विद्युतदाब उतरला, तर हेडफोनची कॉइल जळू शकते. म्हणून एकदा अनुभवी तंत्रज्ञाकडून जॅकवर मीटर लावून घ्या.

प्रश्न : गेली अठरा वर्षे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. रात्री जेवण झाल्यावर तासभर अभंग ऐकतो. पूर्वी याच हेडफोनवर आवाज छान यायचा. आता शब्द नीट कळत नाहीत आणि आवाज वाढवला की टाळ कानात टोचतात. टोचणे कमी होण्यासाठी वॉर्म ॲम्प घ्यावा, असे सोबतच्यांनी सुचवले. कोणता घेऊ? (पूर्व भाग)

कोणताही घेऊ नका. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि चालू मागांच्या शेडमध्ये आवाज त्याच्या वर जाणे ही नित्याची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना तर ऐकण्याच्या उपकरणांसाठी ८० डेसिबल, तेही आठवड्याला ४० तास, एवढीच मात्रा सुरक्षित धरते. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. हा हिशेब शेडला लावला, तर आपली आठवड्याची मात्रा सोमवारच्या पाळीतच संपते आणि रात्रीचा अभंग त्यावरची उधारी ठरतो.

अशा गोंगाटाने होणारी इजा बहुधा ४ हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होते. बोलण्याचा जोर स्वरांत असतो, पण शब्दांची धार स, श, त, क, फ अशा व्यंजनांत असते आणि ती या वरच्या पट्ट्यात येते. ती धार गेली की गाणारा ऐकू येतो, शब्द मात्र उमजत नाहीत. याच इजेचे दुसरे लक्षण असे की, बारीक आवाज ऐकू येईनासा होतो आणि थोडा वाढवला की एकदम असह्य होतो. टाळ टोचतात म्हणून आपण हेडफोनला दोष देत आहात. मला आपल्या कानांची काळजी वाटते. ऊबदार ॲम्प वरचा पट्टा आणखी दाबेल, शब्द आणखी पुसट होतील आणि ते पकडण्यासाठी आपण आवाज आणखी वाढवाल.

एक साधी गोष्ट करून पाहा. रात्री ऐकताना आवाज कोणत्या आकड्यावर ठेवला ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाळीला जाण्यापूर्वी तेच गाणे शून्यापासून हळूहळू चढवत पुरेसे वाटेल तेथे थांबा. सकाळचा आकडा बराच खाली आला, तर संध्याकाळी आपले कान सुन्न होऊन घरी येत आहेत, असे समजावे. आकडे सारखे आले तरी निर्धास्त होऊ नका, कारण कायमची इजा सकाळीही तेवढीच असते. अंतर्कर्णातल्या ज्या केसासारख्या पेशी ऐकण्याचे काम करतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) करून घ्या. चाचणी अर्ध्या तासाची असते आणि दुखत नाही. शेडमधून थेट जाऊ नका. निदान चौदा-सोळा तास गोंगाटापासून दूर राहिल्यावर जा, म्हणून सुटीच्या दिवसानंतरची सकाळ बरी. शेडमध्ये कानात कापसाचा बोळा घालण्याची पद्धत आहे, तिचा उपयोग जवळपास होत नाही. फोमचे इअरप्लग पिळून बारीक करून, कानाचे वरचे टोक वर-मागे ओढून आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावेत. सोबतच्यांनाही हे सांगा, कारण असे पत्र मला दर वर्षी कुणीतरी लिहितो आणि बहुतेकांनी तोवर दोन-तीन वर्षे हेडफोन बदलण्यात घालवलेली असतात. कानात सतत शिट्टी वाजत असेल, तर तपासणी पुढे ढकलू नका, आणि एखाद्या दिवशी एका कानाचे ऐकू येणे अचानक गेले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तेथे उशिराला फार किंमत मोजावी लागते.

तपासणीचा कागद हातात आल्यावर मला जरूर लिहा. हेडफोनचे तेव्हा पाहू.

प्रश्न : भावाने अमेरिकेतून खरा व्हॉल्व्हचा ॲम्प पाठवला आहे. मागे ११० व्होल्ट लिहिले आहे. पिनचा ॲडॅप्टर लावून चालवता येईल का? (सात रस्ता)

मुळीच नाही. ॲडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, आपल्याकडच्या २३० व्होल्टचे ११० करत नाही. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि आपली वीज ५० हर्ट्झची आहे, तर तिकडची ६० हर्ट्झची; म्हणून ॲम्पचा आतला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापेल का, हेही तंत्रज्ञाकडून तपासावे लागेल. घराचे अर्थिंग वायरमनकडून पाहून घ्या. झाकण स्वतः उघडू नका. बटण बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शंभराहून अधिक व्होल्ट बराच वेळ साठून राहू शकतात. सोलापुरातल्या मे महिन्यात, खोलीच चाळिशीला टेकलेली असताना, असा ॲम्प बंद कपाटात ठेवून वाजवणे म्हणजे त्याला भट्टीत बसवणे होय. चारही बाजूंनी हवा खेळू द्या आणि लहान मुले असतील, तर जाळी बसवून घ्या.

प्रश्न : बॅलन्स्ड केबल (दोन्ही कानांच्या तारा पूर्णपणे वेगळ्या ठेवणारी) लावल्याने ऊब वाढते का? (जुळे सोलापूर)

नाही.

प्रश्न : एका ॲम्पवर चाळीस टक्के सवलत आहे आणि ती रविवारी रात्री संपते. आज पैसे भरू का? (अशोक चौक)

आपला हेडफोन कोणता आहे, ते पत्रात लिहिलेले नाही. आधी ते कळवा.